टॅबलेट मंद करतो कोण?

अंगणवाडीतून घरी न्यावयाचा शिधा देताना लाभार्थी मातेचा चेहरा यंत्राने ताडून पाहण्याची सक्ती केंद्र सरकारने १ जुलै २०२५ पासून लागू केली. दिल्लीतल्या टेबलावर ही योजना चोख दिसते. अंगणवाडीच्या ओसरीवर तिचे रूप निराळे असते. तेथे ताई हातात यंत्र धरून उभी असते, समोर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आलेली, कडेवर मूल घेतलेली बाई असते, आणि काचेवर एक वर्तुळ फिरत राहते. अ‍ॅप उघडते, मिटते, पुन्हा उघडते. छायाचित्र निघते, पण पुढे सरकत नाही. मागची रांग वाढत जाते. अशा वेळी यंत्राचा मंदपणा ही नुसती गैरसोय उरत नाही. शिधा आज पदरात पडावा की उद्या, हे त्यावर ठरू लागते.

अंगणवाडीताईच्या हाती मोबाईल असतो. गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकांसाठी २०१६ साली ‘अनमोल’ ही नोंदप्रणाली आली, ती टॅबलेटसाठी बनवलेली होती. प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांना ‘महाज्योती’ संस्था टॅबलेट देते. मोबाईल काय, टॅबलेट काय, आतले यंत्र एकाच जातीचे. एकाची काच मोठी, इतकाच फरक. आणि दोघांचे गाऱ्हाणेही एकच, की घेतले तेव्हा बरे चालत होते, आता चालत नाही. दुकानदाराकडे नेले तर तो हसून म्हणतो, “जुने झाले, नवे घ्या.” गरिबाच्या घरात किंवा सरकारी योजनेत ‘नवे घ्या’ या दोन शब्दांचा अर्थ काय होतो, हे दुकानदाराने सांगावयाचे नसते. ते सांगणे समाजवादी चळवळीचे काम आहे; पण त्याआधी यंत्र ‘जुने झाले’ म्हणजे नेमके काय झाले, हे समजून घेतले पाहिजे. तंत्रज्ञाचा विषय म्हणून कार्यकर्ते तो बाजूला सारतात आणि तेथेच फसतात.

बैलगाडीचा आस झिजतो, एस.टी.च्या इंजिनाचे दट्टे झिजतात. टॅबलेटमध्ये हलणारा, घासणारा असा भागच नाही. गणित करणारी चिप पहिल्या दिवशी ज्या वेगाने आकडेमोड करते, त्याच वेगाने ती पाच वर्षांनीही करू शकते. खरोखर म्हातारी होते ती बॅटरी; आणि माहिती साठवणारी चिपही वारंवार लिहून लिहून हळूहळू क्षीण होते. एवढे सोडले, तर यंत्राचे वय बहुतांशी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. ते सॉफ्टवेअर दूर कोठे तरी बसलेली माणसे बदलत असतात. घरात पाटा-वरवंटा आहे तो आहे. पण तोच पाटा रात्रीतून कोणी अदृश्य हाताने जड करून ठेवला, तर वाटणारीचे मनगट दुखले म्हणून तिला म्हातारी ठरवता येईल काय?

ही नुसती उपमा नव्हे. २०१२ साली गूगलने ‘नेक्सस ७’ नावाचा टॅबलेट बाजारात आणला. तो आसुस कंपनीने बनवलेला होता. १ जीबी रॅम, ८ किंवा १६ जीबीची साठवण आणि अमेरिकेत १९९ डॉलरपासून किंमत. स्वस्त आणि चपळ म्हणून त्याचे कौतुक झाले. काही महिन्यांतच लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या, की यंत्र रुतते, बोट लावल्यावर क्षणभर विचार करत बसते. कारण मोठे शिकण्यासारखे होते. या यंत्रांतील साठवणीच्या चिपवर पाटीसारखे थेट पुसून लिहिता येत नाही. लिहिण्यापूर्वी जागेचा आख्खा गट मोकळा करावा लागतो. आपण एखादे छायाचित्र काढून टाकले, की कार्यप्रणाली आपल्या वहीतून त्याचे नाव खोडते. परंतु ती जागा आता निकामी आहे, हे चिपला कोणी कळवलेच नाही, तर चिप तो मेलेला मजकूर इमानेइतबारे सांभाळत बसते, इकडून तिकडे हलवत राहते. रिकाम्या जागा संपत येतात आणि प्रत्येक नवे अक्षर लिहिणे जड होते. चिपला असा निरोप देण्याची सोय जुलै २०१३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.३ या आवृत्तीने केली. यंत्र चार्जरला लावून स्वस्थ पडले असताना निकामी जागांची यादी चिपकडे जाऊ लागली आणि तेच मरगळलेले टॅबलेट पुन्हा हुशार झाले. एक स्क्रू बदलला नव्हता, एक तार जोडली नव्हती.

गोष्ट येथे संपत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये अँड्रॉइड ५.० ही आवृत्ती आली आणि हाच टॅबलेट पुन्हा रुतला. अनेकांच्या हाती तो जवळजवळ निरुपयोगी झाला. म्हणजे एकच वस्तू, एकाच मालकाच्या हातात, दोन वर्षांत मंद झाली, चपळ झाली आणि पुन्हा मंद झाली. तिन्ही वेळा मालकाने काही केलेले नव्हते. तथापि या यंत्राचे एक वैशिष्ट्य होते. त्याचे सॉफ्टवेअरचे कुलूप मालकाला उघडता येत असे. म्हणून हौशी जाणकारांनी जुनी किंवा स्वतः घडवलेली हलकी प्रणाली त्यावर बसवली आणि कंपनीने हात झटकल्यानंतरही ते वर्षानुवर्षे चालवले. ज्या टॅबलेटचे कुलूप कंपनीच्या किल्लीनेच उघडते, त्याच्या मालकाला हा मार्ग नाही. २०११ चा ‘आयपॅड २’ घ्या. २०१५ च्या नव्या प्रणालीपर्यंत कंपनीने त्याला सोबत नेले, त्याबद्दल तिची पाठ थोपटणारे थोपटोत. पण त्या प्रणालीने यंत्र मंदावले, तेव्हा मागे फिरण्याची वाट मालकासाठी उघडी नव्हती. जुन्या आवृत्तीवर कंपनीची संमतीची मोहोर उमटणे थांबले, की ती आवृत्ती बसतच नाही. पैसे मोजून घेतलेली वस्तू आणि तिच्यावरचा ताबा या दोन गोष्टी अशा रीतीने वेगळ्या झाल्या आहेत. शेतजमिनीच्या प्रश्नात हयात घालवलेल्या पक्षाला हा भेद नव्याने समजावून द्यावा लागू नये. कसतो एक आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, ही स्थिती त्याला चांगली ठाऊक आहे.

मग हाताशी असलेला मंद टॅबलेट वेगाने चालावा यासाठी काहीच करता येत नाही काय? येते, आणि बरेच येते. ते प्रत्येक कार्यकर्त्याला आले पाहिजे, कारण गावातल्या सेविकेला भाषण नको असते, चालणारे यंत्र हवे असते.

पहिली गोष्ट साठवणीची. वर सांगितलेल्या कारणामुळेच काठोकाठ भरलेले यंत्र रुतते. साधारण पाचवा हिस्सा जागा मोकळी राहील अशी दक्षता घ्यावी. सेटिंगमध्ये ‘स्टोरेज’ पाहिले, की जागा कोणी खाल्ली हे दिसते. बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरून आपोआप उतरलेल्या चित्रफितींनी खाल्लेली असते. आपोआप उतरण्याची ती सोय बंद करावी. (आपल्याच पक्षाच्या गटांवरून सकाळ-संध्याकाळ वाहणाऱ्या शुभेच्छा-चित्रांचा या पापातला वाटा लहान नाही, हेही मोकळेपणाने मान्य केलेले बरे.) जागा वाढवण्यासाठी स्वस्त मेमरी कार्ड घालून त्यावर अ‍ॅप हलवण्याचा मोह अनेकांना होतो. कार्डाचा वेग आतल्या चिपहून बहुधा कमी असतो, त्यामुळे रोग बळावतो. कार्डावर छायाचित्रे ठेवावीत, अ‍ॅप ठेवू नयेत.

दुसरी गोष्ट रॅमची. रॅम म्हणजे कामाचे टेबल. टेबल लहान आणि त्यावर दहा जणांनी पसारा मांडलेला, म्हणजे प्रत्येक वेळी एकाचा पसारा उचलून दुसऱ्याचा मांडावा लागतो. पडद्यावर फिरणारे वर्तुळ बहुधा ती उचलाउचलच असते. न लागणारी अ‍ॅप काढून टाकावीत. जी कंपनीनेच घालून दिली आहेत आणि निघत नाहीत, ती निदान ‘डिसेबल’ म्हणजे निष्क्रिय करावीत. अशी अ‍ॅप यंत्रात आधीच बसवण्यासाठी पैसे मोजले जातात. म्हणजे विकत घेणाऱ्याच्या टेबलाचा कोपरा कंपनीने परस्पर भाड्याने दिलेला असतो. जेथे अ‍ॅपऐवजी ब्राउझरमधून काम भागते तेथे तसेच भागवावे. आठवड्यातून एकदा यंत्र पूर्ण बंद करून सुरू करावे. ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर सात वेळा टिचकी मारली, की बहुतेक अँड्रॉइड यंत्रांत ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. तेथे पडद्याच्या सरकत्या हालचालींची तीन मापे निम्मी किंवा शून्य करावीत. यंत्राची ताकद त्याने वाढत नाही, पण दिखाऊपणावर जाणारा वेळ वाचतो.

‘वेग वाढवा’, ‘कचरा साफ करा’ असे म्हणवणारी फुकट अ‍ॅप मात्र घेऊच नयेत. ती मागे चालणारी कामे मारतात. प्रणाली ती कामे लगेच पुन्हा सुरू करते आणि दुप्पट खर्च होतो. वर त्यांच्या स्वतःच्या जाहिराती चालतात त्या वेगळ्या. सावकाराकडून कर्ज काढून सावकाराचेच व्याज फेडावे, तसा हा उपाय आहे.

तिसरी गोष्ट उष्णतेची. पत्र्याच्या छपराखाली, उन्हात, चार्जरला लावून वापरलेले यंत्र तापते, आणि तापले की ते जळू नये म्हणून आपली गती स्वतःच कमी करते. बिघाड समजून दुकानात नेलेली काही यंत्रे नुसती तापलेली असतात. थकलेली किंवा फुगलेली बॅटरी मात्र तत्काळ बदलली पाहिजे. तेथे चालढकल धोक्याची आहे.

या सगळ्याने भागले नाही, तर शेवटचा उपाय म्हणजे यंत्र मूळपदावर आणणे, ज्याला ‘फॅक्टरी रीसेट’ म्हणतात. यात यंत्रातले सर्व काही पुसले जाते. सेविकेने भरलेल्या आणि अद्याप वर न गेलेल्या नोंदी त्यात असतील, तर महिन्याचे काम क्षणात नाहीसे होईल. म्हणून आधी नोंदी वर गेल्याची खात्री, मग यंत्रावर ज्या गूगल खात्याची नोंद आहे त्याचा पासवर्ड हाताशी असल्याची खात्री, आणि मगच रीसेट. पासवर्डाशिवाय पुसलेले यंत्र जुन्या खात्याची ओळख मागत अडून बसते, आणि सरकारी वाटपाच्या यंत्रांवर ते खाते कोणी, केव्हा उघडले, हे पुष्कळदा कोणालाच ठाऊक नसते.

एवढे केले म्हणजे मंद टॅबलेट वर्ष-दोन वर्षे सुखाने चालू शकतो. परंतु प्रत्येक सुधारित आवृत्ती जड होतच राहिली, तर हाताने केलेली ही साफसफाई किती दिवस पुरणार? स्विस संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ सालीच हलक्या सॉफ्टवेअरची बाजू मांडणारा एक निबंध लिहून दाखवून दिले होते, की यंत्रे जितक्या वेगाने चपळ होतात त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर जड होते. त्यांचा रोख अभियंत्यांच्या बेशिस्तीवर होता. त्या बेशिस्तीची किंमत कोण मोजतो, हे पाहिले की तिच्यामागचे अर्थकारण दिसते. सॉफ्टवेअर हलके करायला कंपनीला वेळ व पगार लागतो. जड ठेवले तर खर्च ग्राहकाच्या खिशातून जातो. शिवाय ज्याचा धंदा यंत्रे विकण्याचा आहे, त्याला जुने यंत्र चपळ ठेवण्यात रस असण्याचे कारण नाही. येथे कट-कारस्थान गृहीत धरण्याची गरज नाही. कट कधी कधी असतोही: १९२४ साली जिनिव्हात स्थापन झालेल्या ‘फीबस’ या कारखानदारांच्या संघाने विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणले आणि अधिक टिकाऊ दिवा बनवणाऱ्या सभासदाला दंड ठोठावला. पण भांडवलदारी व्यवस्थेचे खरे सामर्थ्य असे, की बहुतेक वेळा कटाशिवायच तिचे काम होते.

यंत्र मंद होण्यात सॉफ्टवेअरचा हात असतो, हे आता न्यायालये व नियामक यांनीही मान्य केले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपल कंपनीने कबूल केले, की बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनांची गती तिच्या सॉफ्टवेअरने कमी केली जात होती. यंत्र अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, असा तिचा खुलासा होता, आणि तो तांत्रिकदृष्ट्या खोटा म्हणता येणार नाही. परंतु बॅटरी बदलली तर गती परत येते, हे ग्राहकाला सांगितलेले नव्हते. ते न सांगितल्यामुळे किती जणांनी नवा फोन घेतला असेल! इटलीच्या स्पर्धा-नियामकाने २०१८ साली सुधारित आवृत्त्यांमुळे फोन मंदावल्याबद्दल अ‍ॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. फ्रान्समध्ये नागरिकांच्या एका संघटनेने तक्रार केली आणि २०२० साली अ‍ॅपलला २ कोटी ५० लाख युरो भरावे लागले. त्या देशात वस्तूचे आयुष्य हेतुपुरस्सर कमी करणे हा २०१५ पासून गुन्हा आहे.

महाराष्ट्राचा अनुभव याहून बोलका आहे, कारण येथे ग्राहक एकटा नव्हता, संघटित होता. राज्यातील अंगणवाडी सेविकांना सरकारने दिलेले मोबाईल २ जीबी रॅमचे होते. मार्च २०२१ मध्ये केंद्राने जुनी नोंदप्रणाली बंद करून ‘पोषण ट्रॅकर’ आणला. तो या यंत्रांना पेलवेना. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांच्या माथी, आणि अ‍ॅपची भाषा इंग्रजी! ज्या सेविकेच्या मानधनातील केंद्राचा हिशेब २०१८ साली दरमहा ४,५०० रुपये ठरला होता, तिने सरकारी कामासाठी स्वतःच्या पदरचा, किंवा मुलाचा, मोबाईल वापरावा अशी अपेक्षा उघडपणे केली जाऊ लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी ते मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. पुढे वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२३ च्या संपातही नव्या मोबाईलची मागणी होतीच. मंद यंत्राला कंटाळून एकेकटीने दुकान गाठण्याऐवजी सगळ्यांनी मिळून ते मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवणे, हा यंत्राचा वेग वाढवण्याचा एक फार परिणामकारक मार्ग आहे, हे या आंदोलनाने दाखवले.

मात्र त्या लढ्यातील एक उणीव आज स्पष्ट दिसते. मागणी नव्या यंत्राची झाली. हलक्या सॉफ्टवेअरची फारशी झाली नाही. गूगलने २०१७ साली १ जीबी व त्याहून कमी रॅमच्या यंत्रांसाठी ‘अँड्रॉइड गो’ ही हलकी आवृत्ती काढली. म्हणजे करावयाचे ठरवले तर जमते. २०२२ मध्ये त्याच हलक्या आवृत्तीसाठीही किमान २ जीबी रॅमची अट आली. ज्या २ जीबीला अंगणवाडीसाठी पुरेसे मानले गेले, ती तीन-चार वर्षांत जगाच्या बाजारातली किमान मर्यादा झाली. आज दिलेल्या नव्या यंत्राचेही तेच होणार. त्यात चेहरा ओळखण्यासारखी जड कामे वरचेवर लादली, तर ते अधिक लवकर होणार. सरकार स्वतःचे अ‍ॅप स्वतःच्या पैशाने बनवून घेते. ते खाजगी कंपनीचे नाही. तेव्हा सर्वांत जुन्या वाटप झालेल्या यंत्रावर ते चालले पाहिजे, अशी अट घालणे सरकारच्या हातात आहे. ती अट घालत नाहीत, कारण अ‍ॅपची परीक्षा अधिकाऱ्याच्या नव्या फोनवर होते.

२०११ च्या ‘आकाश’ टॅबलेटचे स्मरण येथे अप्रस्तुत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सुमारे २,२५० रुपयांत विद्यार्थ्यांच्या हाती संगणक देण्याचा गाजावाजा झाला. २५६ एमबी रॅम आणि ३६६ मेगाहर्ट्झची चिप घेऊन ते यंत्र जन्मतःच मंद होते. पुढच्या वर्षी मुंबईच्या आय.आय.टी.च्या देखरेखीखाली सुधारलेली आवृत्ती निघाली, तोवर लोकांचा विश्वास उडाला होता. गरिबांसाठी म्हणून जे काढायचे ते कमकुवत काढायचे आणि मग गरिबांना तंत्र जमत नाही म्हणायचे, ही रीत रेशनच्या धान्यापासून टॅबलेटपर्यंत एकच आहे.

चळवळीतील काही मित्र निराळा मुद्दा मांडतात. ही अ‍ॅप मुळात सेविकेवर पाळत ठेवण्यासाठी आहेत. ती मंद चालली तर बिघडले कुठे, उलट चेहरा-ओळखीसारख्या सक्तीला मंद यंत्रच थोपवील! पाळतीबद्दलचा त्यांचा राग रास्त आहे. तरीही हा युक्तिवाद पत्करता येत नाही. मंद यंत्र सक्ती थोपवीत नाही, ती सक्ती सेविकेच्या वेळेतून आणि मातेच्या शिध्यातून वसूल करते. अधिकाऱ्याच्या अहवालात ‘यंत्र मंद’ असा रकाना नसतो. ‘नोंद अपूर्ण’ असा असतो. सक्तीविरुद्ध लढायचे ते उघड लढावे. यंत्राविषयी बेफिकीर राहणे म्हणजे लढा नव्हे. १९५२ च्या पंचमढी अधिवेशनात राममनोहर लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला तो यंत्राला विरोध म्हणून नव्हे; सामान्य माणसाच्या आवाक्यात आणि ताब्यात राहील असे यंत्र त्यांना हवे होते. अ‍ॅपच्या इंग्रजीबद्दल ते काय म्हणाले असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

ताबा लोकांकडे राहिला तर काय घडते, याचा पुरावा केरळमध्ये आहे. तेथील सरकारी शाळांचे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. ती प्रणाली राज्याची स्वतःची ‘काइट’ ही संस्था शाळांच्या गरजेनुसार घडवते आणि सांभाळते. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ या नावाने विद्यार्थ्यांचीच मंडळे उभी राहिली. संगणकाची देखभाल करणे हा त्यांच्या शिक्षणाचा भाग आहे. अमेरिकेत शाळांना विकलेल्या क्रोमबुक संगणकांना काही वर्षांनी सुधारित आवृत्त्या मिळणे बंद होई. ग्राहक संघटनेने २०२३ मध्ये त्याविरुद्ध आवाज उठवल्यावर गूगलने त्याच वर्षी दहा वर्षांची हमी दिली. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून टॅबलेट व फोन यांना नवा नियम लागू झाला: विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे कार्यप्रणालीच्या सुधारणा आणि सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत. त्याच कंपन्या, तीच यंत्रे भारतात विकतात. येथे २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने समिती नेमली, डिसेंबरात एक पोर्टल उघडले, आणि कंपन्यांना माहिती देण्याची विनंती केली. विनंतीने कुलपे उघडत नसतात.

फेकलेल्या यंत्रांचे काय होते, हेही पाहावे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला. त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत उघड्या हातांनी फोडला जातो. त्या बॅटरीतला कोबाल्ट काँगोच्या खाणीतून निघालेला असतो. टॅबलेट दोन वर्षे अधिक चालला, की या दोन्ही टोकांवरच्या माणसांचा तेवढा हिस्सा वाचतो. पुण्यात १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांचे काम हे काम आहे, हे शहराकडून मान्य करून घेतले. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांची अशी संघटना अद्याप दिसत नाही. सुटे भाग न मिळाल्याने, कुलपे न उघडल्याने पहिली उपजीविका जाते ती बाजारपेठेतल्या टपरीवजा दुकानात सोल्डरिंगची सळई घेऊन बसणाऱ्या त्याच पोराची.

तेव्हा पक्षाच्या मागण्या नेमक्या असाव्यात. सरकारी खर्चाने वाटलेल्या प्रत्येक टॅबलेट-मोबाईलचे कुलूप, वॉरंटी संपताच, उघडून मिळाले पाहिजे. खरेदीच्या निविदेत निदान सात वर्षांच्या सुधारणा व सुट्या भागांची अट असली पाहिजे. सरकारी अ‍ॅप मराठीत, आणि वाटप झालेल्या सर्वांत जुन्या यंत्रावर तपासूनच लागू व्हावे. ते चालत नसेल त्या दिवशी कागदी नोंद ग्राह्य धरावी आणि शिधा थांबू नये. यातली शेवटची मागणी उद्याच्या उद्या मान्य होण्याजोगी आहे. तिला एका परिपत्रकापलीकडे काही लागत नाही.

आणि तालुका कचेऱ्यांनी परिपत्रकाची वाट पाहू नये. महिन्यातला एक बाजारचा दिवस ठरवावा. गावातला मोबाईल दुरुस्त करणारा एक कारागीर, दोन महाविद्यालयीन मुले आणि एक जुनी सेविका एवढी माणसे पुरे. येणाऱ्या प्रत्येक टॅबलेटची एका वहीत नोंद करावी: यंत्र कोणते व कोणत्या साली मिळाले, रॅम व मोकळी जागा किती, सरकारी अ‍ॅप उघडायला किती सेकंद लागले, साफसफाईनंतर किती लागले, आणि मंदपणापायी त्या महिन्यात किती बायांना परत जावे लागले. अशा पन्नास नोंदी झाल्या, की ती वही घेऊन प्रकल्प अधिकाऱ्याच्या कचेरीत जावे आणि पहिले अ‍ॅप त्यांच्यासमोर, सेविकेच्या यंत्रावर, घड्याळ लावून उघडून दाखवावे.